३४०० जी, ६.५ मिलिसेकंद: आदळण्याचा वेग नेमका किती धरायचा?

मेमरीबॉक्स:

फ्लाइट रेकॉर्डरच्या (विमानाच्या ब्लॅक बॉक्सच्या) मेमरी मॉड्यूलसाठी इम्पॅक्ट शॉकची अट ३४०० जी (गुरुत्वत्वरणाच्या ३४०० पट), ६.५ मिलिसेकंद अशी आहे. टीएसओ-सी१२४ या अमेरिकी मानकात ती आली आणि ईडी-११२ या युरोपीय मानकातही तीच आहे. आमच्या मॉड्यूलच्या आकाराचं आणि वजनाचं डमी एअर कॅननमधून (हवेच्या दाबावर चालणाऱ्या तोफेतून) हनीकोंबवर (मधाच्या पोळ्यासारख्या, चुरडणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर) मारायचं ठरलं आहे. सॅबोसकट (नळीत डमीला धरून ठेवणाऱ्या खोळीसकट) वजन ९ किलो. प्रश्न साधा आहे: डमी कुठल्या वेगाने आदळलं पाहिजे?

माझ्यासमोर सध्या चार आकडे आहेत:

१. त्वरण गुणिले वेळ. ३४०० × ९.८०७ × ०.००६५ = २१७ मी/से, म्हणजे ७८० किमी/तास.

२. पल्स (धक्क्याचा त्वरण-वेळ आलेख) त्रिकोणी धरली तर त्याच्या निम्मे, ३९० किमी/तास.

३. प्रयोगशाळेने थांबण्याचं अंतर साधारण ४५० मिमी सांगितलं आहे. वेगाचा वर्ग = २ × त्वरण × अंतर, यात घातलं तर १७३ मी/से, म्हणजे ६२४ किमी/तास.

४. प्रयोगशाळेच्या कोटेशनमध्ये आदळण्याचा वेग १३२ मी/से लिहिला आहे, म्हणजे ४७५ किमी/तास. हा कसा काढला याचं स्पष्टीकरण नाही.

यातला कुठला घ्यायचा? आणि जो बरोबर असेल त्याचा अर्थ "विमान एवढ्या वेगाने आदळलं तर रेकॉर्डर वाचेल" असा घ्यायचा का? आमच्या सादरीकरणात कोणीतरी तसं वाक्य लिहून ठेवलंय.

आलेखवाचक:

चौथा आकडा बरोबर आहे. बाकीचे तीन का चुकतात ते पाहिलं की तो कसा आला हेही कळेल.

"३४०० जी" ही पल्सची सर्वोच्च किंमत आहे, सरासरी नव्हे. वेगातला बदल म्हणजे त्वरण-वेळ आलेखाखालचं क्षेत्रफळ. पीक आणि कालावधी यांनी फक्त चौकटीची उंची आणि रुंदी ठरते. त्या चौकटीचा किती भाग भरलेला आहे हे पल्सचा आकार सांगतो. चौकोनी पल्स चौकट पूर्ण भरते, गुणक १. हाफ-साइन (साइन लाटेच्या अर्ध्या कमानीसारख्या) पल्सचा गुणक २ भागिले पाय (π), म्हणजे ०.६३७. त्रिकोणी आणि हॅवरसाइन (दोन्ही टोकांना हळूहळू शून्याला मिळणारी घंटेसारखी) या दोघींचा ०.५.

अटीत पल्सचा आकार हाफ-साइन दिलेला असतो. लोक आकडे वाचतात आणि आकार सोडून देतात. तो घेतला की हिशेब असा होतो:

३४०० × ९.८०६६५ = ३३,३४३ मी/से²
३३,३४३ × ०.००६५ × ०.६३६६ = १३८ मी/से, म्हणजे ४९७ किमी/तास

तुमचा पहिला आकडा चौकोनी पल्सचा आहे, दुसरा त्रिकोणी पल्सचा. गणित दोन्हींत बरोबर आहे, पण पल्स तुमची नाही.

तिसऱ्यात गडबड वेगळी आहे. वेगाचा वर्ग = २ × त्वरण × अंतर हे सूत्र त्वरण स्थिर असतानाच चालतं, म्हणून त्यात अंतराच्या हिशेबाने काढलेली सरासरी घालावी लागते. पीक घातलं की उत्तर फुगतं. हाफ-साइनला ते नेमकं १.२५ पट फुगतं, कारण पीक आणि सरासरीचं गुणोत्तर १.५७ आणि त्याचं वर्गमूळ १.२५. सरासरी २१६५ जी घालून पाहा: २ × २१,२२६ × ०.४४८ याचं वर्गमूळ बरोबर १३८ येतं. ४४८ मिमी कुठून आले? सममित पल्समध्ये, उसळी नाही असं धरलं तर, थांबण्याचं अंतर = वेग × कालावधी ÷ २. म्हणजे १३८ × ०.००६५ ÷ २. प्रयोगशाळेचे "साधारण ४५०" तेच.

आता १३८ आणि १३२ मधला फरक. आलेखाचं क्षेत्रफळ वेगातला एकूण बदल देतं, आदळण्याचा वेग नाही. वस्तू आदळून तिथेच थांबली तर दोन्ही एकच. पण ती थोडी मागे उसळते आणि उसळीचा वेगही त्याच क्षेत्रफळात मोजला जातो. म्हणून

आदळण्याचा वेग = वेगबदल ÷ (१ + उसळीचा गुणांक)

गुणांक ०.०४५ धरला तर १३८ ÷ १.०४५ = १३२. प्रयोगशाळेने त्यांच्या हनीकोंबचा अनुभवाचा गुणांक धरला असणार. त्यांना तो विचारा आणि लेखी घ्या, कारण अहवालात तोच वादाचा मुद्दा होतो.

जुन्या अटी याच सूत्रात घालून पाहिल्या तर मजा दिसते. टीएसओ-सी५१ ची अट १०० जी, ११ मिलिसेकंद: हाफ-साइन धरून वेगबदल फक्त ६.९ मी/से. सी५१ए ची १००० जी, ५ मिलिसेकंद: ३१ मी/से. पीक १०० वरून ३४०० वर गेलं म्हणजे अट ३४ पट कडक झाली असं लोक म्हणतात. वेगबदल वाढला २० पट, आणि त्याच वस्तुमानाला शोषावी लागणारी ऊर्जा सुमारे ४०० पट. कुठल्या मोजपट्टीने मोजता त्यावर "कडक" ठरतं.

सेन्सरचीवायर:

वरचं सगळं बरोबर. कालावधीबद्दल एक भर घालतो, कारण तिथे सहा-सात टक्के गुपचूप निसटतात.

खऱ्या पल्सचा प्रारंभ आणि शेवट नेमका कुठे हे डोळ्यांना ठरवता येत नाही. म्हणून बरेच जण पीकच्या १० टक्के पातळीपासून १० टक्के पातळीपर्यंतची रुंदी मोजतात. आदर्श हाफ-साइनमध्ये ही रुंदी पूर्ण पायाच्या (शून्यापासून शून्यापर्यंतच्या कालावधीच्या) ९३.६ टक्के भरते. म्हणजे पाया ६.५ असेल तर आलेखावर ६.०९ दिसेल. आणि १० टक्क्यांची रुंदीच ६.५ आणली तर पाया ६.९४ होतो, वेगबदल १४७ मी/से होतो, आणि तुम्ही डमीला गरजेपेक्षा १४ टक्के जास्त ऊर्जा दिलेली असते. प्रयोगशाळा कुठली व्याख्या वापरते हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.

क्षेत्रफळाला मात्र या व्याख्येचा फारसा फरक पडत नाही. १० टक्क्यांच्या बाहेरच्या दोन्ही शेपट्यांत मिळून अर्धा टक्काच क्षेत्रफळ असतं. म्हणून मी तरी नेहमी क्षेत्रफळावर बोलतो, रुंदीवर नाही.

मेमरीबॉक्स:

धन्यवाद, १३२ चा उलगडा झाला. पहिला ट्रायल शॉट झाला आहे. डेटा १०० किलोहर्ट्झने घेतलेला आहे, इथे दर मिलिसेकंदाची किंमत देतो (जी मध्ये):

० → ०
१ → ११५०
२ → २७००
३ → ३३५०
४ → ३०५०
५ → २१५०
६ → ९००
७ → १५०
८ → −४०

लाइट गेटचा (आदळण्याआधी दोन प्रकाशकिरण तोडताना मोजलेला) वेग १२६.४ मी/से. हनीकोंबमधली खळगी ४०५ मिमी. एका सहकाऱ्याचं म्हणणं, पीक ३३५० आणि कालावधी ७ मिलिसेकंद धरला तर हाफ-साइनच्या सूत्राने १४६ मी/से येतात, म्हणजे अट पार झाली. मला लाइट गेटच्या आकड्याशी हे जुळत नाहीये.

आलेखवाचक:

जुळणारच नाही. खरा आलेख हातात असताना आदर्श पल्सचं सूत्र वापरायचं कारण नाही. सरळ इंटिग्रेट करा. ट्रॅपेझॉइडल पद्धत पुरते: मधल्या सगळ्या किमतींची बेरीज, अधिक दोन टोकांच्या बेरजेचा निम्मा भाग, गुणिले वेळेची पायरी.

मधल्या सात किमतींची बेरीज १३,४५०. टोकांचा निम्मा भाग −२०. एकूण १३,४३० जी-मिलिसेकंद. गुणिले ०.००९८०६६५ = १३१.७ मी/से.

सहकाऱ्याच्या १४६ पेक्षा हे दहा टक्के कमी आहे. आलेख पाहिलात तर कारण दिसतं: तुमच्या पल्सला ६ नंतर बारीक, लांब शेपटी आहे. शेपटीमुळे कालावधी ७ वर जातो, पण तिथे क्षेत्रफळ जवळजवळ नाहीच.

आता लाइट गेटशी ताळा. वेगबदल १३१.७, आदळण्याचा वेग १२६.४, फरक ५.३ मी/से. ही उसळी. गुणांक ५.३ ÷ १२६.४ = ०.०४२. हनीकोंबला हे पटण्यासारखं आहे. हायस्पीड व्हिडिओ असेल तर डमी मागे येतानाचा वेग मोजा. ५ च्या आसपास आला तर सेन्सर, गेट आणि कॅमेरा तिघे एकमेकांना साक्ष देतात. तिथे १५ मी/से आला, किंवा डमी चक्क रुतून बसलेला दिसला, तर तिघांपैकी एक खोटं बोलतोय.

तिसरा ताळा खळगीचा. प्रत्येक मिलिसेकंदाला उरलेला वेग काढा: १२६.४, १२०.८, १०१.९, ७२.२, ४०.८, १५.३, ०.४. हेच पुन्हा इंटिग्रेट केलं तर सहाव्या मिलिसेकंदापर्यंत ४१४ मिमी. वेग शून्य होतो तो ६.०४ मिलिसेकंदाला, तिथून पुढे डमी उलट दिशेने चाललंय. मोजलेली खळगी ४०५. हनीकोंब थोडं परत फुलतं, तेव्हा खळगी हिशेबापेक्षा किंचित कमीच यायला हवी. दोन टक्क्यांचा फरक उत्तम आहे. ती हिशेबापेक्षा जास्त आली असती तर मी आधी सेन्सरच्या कॅलिब्रेशनकडे पाहिलं असतं.

निकाल मात्र: पीक ३३५०, हवं ३४००. वेगबदल १३१.७, हवा १३८. दोन्हीत कमी. ०.०४२ या गुणांकाने पुढच्या शॉटला १३८ ÷ १.०४२ = १३२.४ मी/से लागतील. म्हणजे कोटेशनमधल्या आकड्याइतकेच. पहिला शॉट सहा मी/से कमी वेगाने का गेला ते प्रयोगशाळेला विचारा.

एक सावधगिरी. दर मिलिसेकंदाच्या किमती ताळ्यासाठी ठीक, अहवालासाठी नाही. खरं पीक ३ आणि ४ च्या मध्ये कुठेतरी असेल आणि ते या यादीत नाहीच. अहवालाचा हिशेब १०० किलोहर्ट्झच्या पूर्ण डेटावरच करा.

सेन्सरचीवायर:

डेटा इंटिग्रेट करण्याआधी या गोष्टी तपासा.

शून्याची पातळी. शॉटच्या आधीच्या किमान १० मिलिसेकंदांची सरासरी काढून ती संपूर्ण डेटातून वजा करायची. २० जी चा ऑफसेट ३४०० च्या आलेखावर रेघेच्या जाडीत लपतो. ६.५ मिलिसेकंदांत तो १.३ मी/से ची चूक देतो, ती एक वेळ चालेल. पण कोणी १०० मिलिसेकंदांपर्यंत इंटिग्रेट करत बसलं तर तोच ऑफसेट २० मी/से खातो. म्हणून पल्स संपली की थांबा.

शॉटनंतरची पातळी त्याहून महत्त्वाची. पीझोइलेक्ट्रिक सेन्सर (स्फटिकावर दाब आला की विद्युतभार देणारे) जबर धक्क्यानंतर शून्यावर परत येत नाहीत, वर किंवा खाली सरकून बसतात. याला झिरो शिफ्ट म्हणतात. आधीची पातळी ठीक आणि नंतरची ६० जी सरकलेली असेल तर ती सरक पल्सच्या मध्येच कधीतरी झालेली असते, आणि नेमकी कधी हे कळायला मार्ग नसतो. अशा डेटाला वजाबाकीने दुरुस्त करू नये. शॉट बाद धरावा. या कामाला पीझोरेझिस्टिव्ह सेन्सर (ताणाने रोध बदलणारे) बरे, कारण ते शून्य हर्ट्झपासून मोजतात.

पीझोइलेक्ट्रिकच वापरायचा असेल तर त्याचा टाइम कॉन्स्टंट (विद्युतभार किती वेळात ओसरतो ते) पाहा. ०.५ सेकंद असेल, म्हणजे खालची मर्यादा सुमारे ०.३२ हर्ट्झ, तर पल्स संपताना आलेख शून्याखाली सुमारे २८ जी जातो. तुमच्या यादीतला शेवटचा −४० पाहून मला हीच शंका आली. हनीकोंब मागे फुलून डमीला ढकलत असेल तर किंमत धन यायला हवी. ऋण किंमत म्हणजे एकतर डमी कशाला तरी अडकून ओढलं गेलं, नाहीतर सेन्सरची ही सवय. ४० जी ने निकाल बदलत नाही, पण सेन्सरचा प्रकार विचारून ठेवा.

फिल्टर. सीएफसी १००० (क्रॅश चाचण्यांतला ठरावीक लो-पास फिल्टर) वापरा, त्याची मर्यादा १६५० हर्ट्झ आहे. ६.५ मिलिसेकंदांची हाफ-साइन ही साधारण ७७ हर्ट्झची अर्धी लाट, त्यामुळे सीएफसी १००० तिला हात लावत नाही, फक्त वरची खरखर काढतो. गाड्यांच्या चाचण्यांत बॉडीच्या पल्सला सीएफसी ६० लावायची पद्धत आहे. इथे तो लावला तर मर्यादा १०० हर्ट्झ होते आणि पीक घसरतं. फिल्टर दोन्ही दिशांनी चालवलेला असावा, नाहीतर पल्स वेळेत सरकते आणि व्हिडिओशी जुळत नाही.

यात एक गंमत आहे. असा लो-पास फिल्टर कुठलाही लावा, पल्सचं एकूण क्षेत्रफळ बदलत नाही. पीक मात्र फिल्टर, सॅम्पलिंग, सेन्सर कुठे बसवला, स्क्रू किती आवळला या सगळ्यावर हलतं. म्हणून दोन प्रयोगशाळांच्या पीकमध्ये आठ-दहा टक्के फरक दिसला तर दचकू नका. वेगबदलात तेवढा फरक दिसला तर जरूर दचका.

सेन्सरची दिशा. तो चाचणीच्या अक्षाशी ८ अंश तिरका असेल तर वाचन एक टक्का कमी, १५ अंशांना साडेतीन टक्के. डमी हनीकोंबमध्ये शिरताना फिरलं तर हा कोन पल्सच्या मध्येच बदलतो. व्हिडिओत फिरताना दिसलं तर एका सेन्सरच्या डेटावरून निकाल देऊ नये.

आणि सेन्सरची रेंज. ३४०० जी साठी ५००० जी चा सेन्सर पुरेसा वाटतो, पण पल्सवर स्वार झालेली उच्च वारंवारितेची थरथर सहज ५००० च्या पुढे जाते. तिथे सिग्नल कापला गेला की फिल्टर त्या सपाट डोक्याला गोल करून टाकतो आणि आलेख देखणा दिसतो. फिल्टर न केलेला डेटा मागून घ्या, त्यात सपाट डोकी शोधा.

बांधाबांध:

प्रश्नातला शेवटचा भाग कोणी घेतला नाही, म्हणून लिहितो. "४९७ किमी/तास वेगाने विमान आदळलं तर रेकॉर्डर वाचतो" हे वाक्य सादरीकरणातून काढा. दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे.

विमान ९०० किमी/तास, म्हणजे २५० मी/से वेगाने आदळलं, आणि शेपटीकडे बसवलेल्या रेकॉर्डरला पुढचा सांगाडा चुरडत असताना ५ मीटर अंतर मिळालं असं धरा. सरासरी ६३७ जी, ४० मिलिसेकंद. हाफ-साइन धरली तरी पीक १००० जी च्या आसपास. अटीच्या एक तृतीयांशही नाही. वेग मात्र जवळपास दुप्पट.

आता उलट. रेकॉर्डर सांगाड्यातून निखळला आणि ६० मी/से, म्हणजे २१६ किमी/तास वेगाने कठीण कशावर तरी आदळला. त्याचं आवरण आणि समोरची वस्तू मिळून ५० मिमी दबले. सरासरी ३६७० जी, हाफ-साइनचं पीक ५७७० जी, कालावधी १.७ मिलिसेकंद. वेग निम्म्याहून कमी, पीक अटीच्या पुढे.

दोन्हींत वेगापेक्षा थांबायला मिळालेलं अंतर जास्त बोलतं. माणसांच्या बाबतीतही हेच. जॉन स्टॅप १० डिसेंबर १९५४ ला रॉकेट स्लेडवर १०१७ किमी/तास वेगावरून १.४ सेकंदांत थांबले. सरासरी काढली तर २०.६ जी येते, नोंदलेलं पीक ४६.२ जी. वेग तुमच्या डमीच्या दुप्पट, पीक त्याच्या सत्तराव्या भागाहूनही कमी.

आतल्या सर्किट बोर्डाला काय जाणवतं हा आणखी वेगळा प्रश्न. हाफ-साइन पल्सला एखादा भाग सर्वांत जास्त प्रतिसाद देतो तो त्याची नैसर्गिक वारंवारिता गुणिले पल्सचा कालावधी साधारण ०.८ असताना, आणि डँपिंग (कंपन विझवणारा अवरोध) नसेल तर तेव्हा प्रतिसाद पीकच्या पावणेदोन पट असतो. ६.५ मिलिसेकंदांना ही वारंवारिता सुमारे १२५ हर्ट्झ. तुमचं बोर्ड किंवा त्याखालचं उष्णतारोधक पॅकिंग त्या आसपास डोलत असेल तर बाहेर ३४०० जी असताना आत ६००० जी पोचू शकतात. मेमरी चिपचे सोल्डर जॉइंट इथेच तुटतात.

मेमरीबॉक्स:

@बांधाबांध, वाक्य काढलं. पॅकिंगची वारंवारिता मोजायला देतो.

शेवटचा प्रश्न. आमची पल्स पुढे जाड आणि मागे लांब शेपटीची आहे. दुसऱ्या मिलिसेकंदालाच २७०० जी. हाफ-साइनच्या जवळ आणायला हनीकोंबमध्ये काय बदलायचं? सध्या एकाच आडव्या छेदाचा चौकोनी ठोकळा आहे.

बांधाबांध:

एकसारख्या छेदाचा ठोकळा जवळपास स्थिर बल देतो, कारण बल = चुरडण्याचा दाब × क्षेत्रफळ. म्हणजे त्याचा कल चौकोनी पल्सकडे. निव्वळ चौकोनी पल्सने ३४०० जी वर १३८ मी/से फक्त ४.१ मिलिसेकंदांत आणि २८५ मिमी अंतरात संपतात. हाफ-साइनला ४४८ मिमी लागतात. हा फरक तुम्हाला छेद कमी-जास्त करून आणायचा आहे.

आधी कमाल क्षेत्रफळ. ९ किलो × ३३,३४३ = ३०० किलोन्यूटन. हनीकोंबचा चुरडण्याचा दाब ५ मेगापास्कल असेल तर ६०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण २४५ मिमी बाजूचा चौरस. कॅटलॉगमधला आकडा सावकाश दाबून काढलेला असतो. १३० मी/से ला प्रत्यक्ष दाब त्याहून वर जातो, म्हणून पहिल्या शॉटच्या डेटावरून तो उलटा काढा: तुमचं पीक ३३५० जी म्हणजे २९६ किलोन्यूटन, भागिले तुमच्या ठोकळ्याचा छेद. पुढचा हिशेब याच आकड्याने.

मग आकार. हाफ-साइन वेळेत सममित असते, अंतरात नाही. सुरुवातीला डमी वेगात असतं, त्यामुळे पल्सचा पहिला अर्धा भाग, म्हणजे पीकपर्यंतचे ३.२५ मिलिसेकंद, ४४८ पैकी सुमारे ३६७ मिमी खातो. उरलेल्या अर्ध्या वेळेला ८१ मिमी. म्हणून ठोकळ्याचं तोंड निमुळतं करा आणि ३६० मिमीच्या आसपास पूर्ण छेदापर्यंत न्या. गुळगुळीत पिरॅमिड कापणं जड जातं, चार-पाच पायऱ्या पुरतात. पायऱ्यांचे खाचे आलेखात थोडे दिसतील, सीएफसी १००० नंतरही. चालतं.

पीकनंतरची बाजू हनीकोंबला नीट जमत नाही. डमी जवळपास थांबलेलं असतं तेव्हा बल कमी व्हायला हवं, आणि चुरडणारा ठोकळा ते आपणहून कमी करत नाही. शेवटच्या ८० मिमीत मऊ थर ठेवून थोडी सुधारणा होते. पण तो थर मागे असला की सुरुवातीलाच आधी तोच चुरडतो, कारण मालिकेत सर्वांत कमकुवत थर पहिला जातो. त्यामुळे मागची बाजू आदर्श येणार नाही हे धरून चाला आणि वेगबदल थोडा जास्त ठेवा.

ठोकळ्याचं तोंड आधी काही मिलिमीटर चुरडून घ्या. कोरा हनीकोंब सुरू होताना एक टोकदार पीक देतो, ते सरासरी दाबाच्या बरंच वर जातं आणि नेमकं तुमच्या आलेखाच्या पहिल्या मिलिसेकंदात बसतं.

लांबी मोजताना पूर्ण ठोकळा वापरता येतो असं धरू नका. ७० टक्क्यांच्या पुढे पापुद्रे एकावर एक बसतात आणि बल झपाट्याने चढतं. ४४८ ÷ ०.७ = ६४० मिमी. तुमचा ठोकळा ६४० पेक्षा लहान असेल तर १३२ मी/से ला तो तळ गाठेल, आणि तेव्हा आलेखाच्या शेवटी दिसणारं पीक सेन्सरच्या माथी मारू नका.

आलेखवाचक:

कॅननबद्दल दोन ओळी, कारण आदळण्याचा वेग तिथूनही बिघडतो. ९ किलोला १३२.४ मी/से म्हणजे ७९ किलोज्यूल. नळी ६ मीटर असेल तर सरासरी १४९ जी ने ढकलावं लागतं. ३०० मिमी व्यासाला त्यासाठी नळीत सरासरी १.९ बारच्या आसपास निव्वळ दाब पुरतो, घर्षण वेगळं. हा ढकलाही डमीच्या आतल्या भागांना बसतो, तोही उलट दिशेने. अहवालात त्याची नोंद ठेवा.

नळीच्या तोंडाशी दाब सोडणारी भोकं आहेत ना ते पाहा. नसतील तर हवा डमीला हनीकोंबमध्येही ढकलत राहते. सेन्सरने मोजलेला वेगबदल बरोबरच असतो, पण लाइट गेटचा वेग आणि आदळण्याचा वेग वेगळे पडतात आणि उसळीचा हिशेब बिघडतो.

गेटच्या दोन किरणांमधलं अंतर ५०० मिमी असेल तर १३२.४ मी/से ला ३.७८ मिलिसेकंद लागतात. अंतरात १ मिमी चूक म्हणजे वेगात ०.२ टक्के. गेट पहिल्या स्पर्शाच्या जितकं जवळ तितकं बरं, पण सॅबोचे तुकडे आधी किरण तोडणार नाहीत एवढं दूर. व्हिडिओने पडताळणार असाल तर सेकंदाला २०,००० फ्रेम असताना डमी प्रत्येक फ्रेममध्ये ६.६ मिमी सरकतं, म्हणून किमान वीस फ्रेमवर रेघ बसवून वेग काढा, दोन फ्रेमवरून नको.

मेमरीबॉक्स:

ठोकळा ५५० मिमीचा आहे. ६८० चा मागवतो, तोंडाला पाच पायऱ्या, आधी चुरडलेला. सेन्सरचा प्रकार विचारला, पीझोइलेक्ट्रिकच निघाला. पीझोरेझिस्टिव्ह बसवायला सांगितलंय. पुढच्या शॉटचा फिल्टर न केलेला डेटा इथेच टाकतो.